छंद त्यांचा, काम तिचं

लकडगंजात राहणाऱ्याला लाकडाची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. सकाळी आरामशिनी सुरू झाल्या की ताज्या चिरलेल्या सागाचा तो तेलकट, चामड्यासारखा वास घरात शिरतो आणि दुपारपर्यंत खिडकीच्या गजांवर भुश्शाची पातळ साय धरते. वस्तीचं नावच बाजारावरून पडलेलं. गंज म्हणजे बाजार, आणि हा लाकडाचा. इथल्या वखारींत गडचिरोली-चंद्रपूरकडच्या सागाला जुनी मंडळी अजूनही ‘सीपी टीक’च म्हणतात. सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस. तो प्रांत कधीच इतिहासजमा झाला. १९५६ साली नागपूर मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आलं, १९६० साली महाराष्ट्र झाला. पण व्यापाऱ्यांच्या तोंडी तो प्रांत अजून सुखाने नांदतो आहे. दिल्लीचं नवं संसद भवन २०२३ साली उघडलं, त्याचा साग नागपूरहून गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान रवाना झालं. आमच्या भागातल्या माणसाला या दोन्ही गोष्टी विचारा, तो असं सांगेल की जणू फळ्या त्यानेच खांद्यावरून नेल्या!

पण आज सांगायचं आहे ते संसदेच्या दारांबद्दल नाही, तुमच्या-आमच्या घरातल्या स्टुलाबद्दल.

पूर्वी वखारीत तीनच तऱ्हेची माणसं दिसायची. घर बांधायला काढलेला मालक, मुलीच्या लग्नाचा पलंग करायला निघालेला बाप, आणि या दोघांच्याही मागे कानावर पेन्सिल खोचून उभा असलेला मिस्त्री. अलीकडे यांत चौथ्याची भर पडली आहे. वय पन्नासच्या आसपास, डोळ्यांवर दुहेरी भिंगाचा चष्मा, हातात कोरी करकरीत टेप आणि खिशात वहीच्या कागदावर काढलेली आकृती. ‘भाऊ, दीड बाय एक फुटाची फळी मिळेल का हो?’ असं तो जरा चाचरतच विचारतो. वखारवाल्याचा सगळा हिशेब घनफुटांचा. एका घनफुटात एक इंच जाडीची बारा चौरस फूट फळी निघते, आणि या गिऱ्हाइकाला हवी असते दीड चौरस फूट! वखारवाला मनातल्या मनात हसतो, पण कोपऱ्यातल्या तुकड्यांच्या ढिगाकडे बोट दाखवतो. आपला चौथा गिऱ्हाईक तिथे उकिडवा बसून तासभर तुकडे उलटेपालटे करतो आणि एखादा छातीशी धरून, सोनं लुटून आणल्यासारखा घरी निघतो.

हा माणूस आपल्यातलाच असतो. बँकेतला, शाळेतला, वीज मंडळातला. मुलं पुण्याला नाहीतर बंगळुरूला गेलेली असतात. घराचा हप्ता फिटत आलेला असतो, रक्तदाबाची गोळी सुरू झालेली असते, आणि इतकी वर्षं ‘वेळ नाही’ म्हणता म्हणता एकाएकी वेळ हाती आलेला असतो. मग कुणी गच्चीवर कुंड्या मांडतो, कुणी जुने रेडिओ उघडून बसतो, कुणी पोस्टाची तिकिटं पुन्हा बाहेर काढतो. लकडगंजच्या आसपास राहणारा लाकडाकडे वळला तर नवल ते काय?

या चौथ्या गिऱ्हाइकाबद्दल मला मनापासून आपुलकी आहे. मी बँकेत लागलो तेव्हा आमचं कामही हाताचंच होतं. जाडजूड लेजरं, शाईचे डाग, हाताने काढलेलं व्याज. पाच पैशांच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत बसायचं आणि फरक सापडला की सगळ्या शाखेने चहा प्यायचा. पुढे संगणक आले. काम वेगानं आणि बिनचूक होऊ लागलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण दिवसाअखेर ‘हे मी केलं’ असं बोट ठेवून दाखवता येईल असं काही उरेना. २०००-२००१ मध्ये सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची लाट आली आणि सुमारे एक लाख माणसं नोकरीतून बाहेर पडली. माझे कितीतरी सहकारी त्यांत होते. काही शेअर बाजारात गेले, काहींनी विमा विकला, आणि काहींनी घरी बसून सहा महिन्यांत घरच्यांना जीव नकोसा केला. शाखेचं इन्स्पेक्शन करायची सवय. ती स्वयंपाकघरावर चालवली! ‘डब्यांना लेबलं का नाहीत?’ ‘तेल महिन्याला इतकं कसं लागतं?’ अशा माणसाच्या हाती रंधा द्यावा, यापरतं घरादाराचं कल्याण नाही.

खरं तर हाताचं काम शिकवायचं ते लहानपणीच. आमच्यापासून पंचाहत्तर किलोमीटरवर वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली होती. मुलाचं शिक्षण एखाद्या हातच्या कामातून व्हावं हा गांधीजींचा विचार तिथे मांडला गेला आणि ‘नई तालीम’ उभी राहिली. पुढे शाळांत ‘कार्यानुभव’ नावाचा तास आला. पण आमच्या बहुतेक शाळांत तो गणिताच्या सरांनी उसना घेतला आणि कधी परत केला नाही. त्यामुळे खिळा सरळ ठोकता न येणारी आणि त्याची लाजही न वाटणारी आमची एक अख्खी सुशिक्षित पिढी तयार झाली. ती पन्नाशीत का होईना करवत हातात धरत असेल, तर चांगलंच आहे.

शिवाय लाकूड माणसाला बरंच काही शिकवतं. पहिला धडा मापाचा. मिस्त्री इंचावर थांबत नाही, तो सुतात बोलतो. एका इंचाचे आठ सूत. ‘साहेब, दोन सूत कमी पडलं न!’ असं तो म्हणतो तेव्हा कागदावरची सुबक आकृती निकालात निघालेली असते. दुसरा धडा ऋतूंचा. लाकूड तोडलं म्हणून ते मेलं, असं समजू नये. ते पावसाळ्यात ओल पितं आणि उन्हाळ्यात सोडतं. उभ्या रेषेत त्याची लांबी फारशी बदलत नाही. आडवं मात्र ते फुगतं आणि आकसतं. नागपूरसारख्या गावात, जिथे २३ मे २०१३ ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता आणि त्यानंतर महिन्याभरात पावसाची झड लागते, तिथे याला फार महत्त्व. मे महिन्यात अगदी चपखल बसवलेलं दार जुलैत चौकटीला घट्ट धरून बसतं. जाणता मिस्त्री म्हणूनच सांध्याला जागा ठेवतो. माणसांच्या घरातही ती ठेवावी लागते, पण ते शिकायला मात्र पन्नाशीच यावी लागते.

तिसरा धडा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. एक साधं स्टूल, चार पाय आणि वर फळी, आपण स्वतः करून पाहावं. चारही पाय एकाच वेळी जमिनीला टेकवायला किती अक्कल लागते ते कळतं. आणि मग ज्या मिस्त्रीशी आपण इतकी वर्षं शंभर-दोनशे रुपयांवरून घासाघीस करत आलो, त्याच्याशी पुढच्या वेळी आपला आवाज आपोआप खाली येतो.

इथवर सारं गोड आहे. पण या गोडव्याखाली एक हिशेब जुळायचा राहिला आहे, आणि लेजर जुळल्याशिवाय घरी जायचं नाही ही जुनी सवय मला सोडत नाही.

१ सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार पूर्ण सुट्टी मिळू लागली. त्याआधी शनिवारी अर्धा दिवस बँक असे. सुट्टी जाहीर झाली तेव्हा आमच्या शाखेत चर्चेला उधाण आलं. कुणी फोटोग्राफी सुरू करणार होता, कुणी पेंचला पक्षी बघायला जाणार होता. मी लाकूडकामाबद्दल बोललो. आमच्यातल्या एक महिला अधिकारी ऐकत होत्या. हुशार, कामाला चोख, बोलायला कमी. त्यांना विचारलं, ‘मॅडम, तुम्ही काय करणार?’ त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘सर, तुम्हाला सुट्टी मिळाली. मला घरकामाचा एक दिवस वाढवून मिळाला.’

पुढे त्या शनिवारांबद्दल त्यांच्याकडून तुकड्या-तुकड्याने कळत गेलं. एका शनिवारी गहू निवडून उन्हात घालायचे, एका शनिवारी सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं, दिवाळीआधीचे सगळे शनिवार फराळाचे. त्याच दिवशी त्यांचे यजमान गच्चीवर गुलाबांची कलमं करत. त्यांची कलमं सुंदर व्हायची, येणारे-जाणारे कौतुक करायचे. फराळही सुंदर व्हायचा. पण त्याला छंद कोण म्हणणार?

हा एका घरचा किस्सा आहे असं म्हणून सोडून देता येत नाही. २०१९ साली सरकारने देशभर ‘वेळेच्या वापराची’ पाहणी केली. माणसं चोवीस तास कशात घालवतात, याची. घरातली बिनपगारी कामं त्या दिवशी केली असं सांगणाऱ्या बायका शंभरात ८१ होत्या आणि पुरुष शंभरात २६. ही कामं करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता. आणि जे पुरुष काम करत होते, त्यांचा ९७ मिनिटं. २९९ मिनिटं म्हणजे पाच तास. रोज. दुसरा शनिवार, चौथा शनिवार, पोळा, दिवाळी, कशाचीही सुट्टी न धरता.

गंमत अशी की कामं पुष्कळदा तीच असतात. तिने सुईदोरा घेतला तर बटण लावणं झालं, त्याने घेतला तर हस्तकला झाली. ती रोज कुंड्यांना पाणी घालते. तो रविवारी घालतो आणि बागकाम करतो. ती वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस स्वयंपाक करते, तो एखाद्या रविवारी सावजी रस्सा करतो आणि पाहुण्यांना बोलावतो. मागाहून ओटा कोण पुसतं, हे मी सांगायला नको.

मग छंद म्हणजे नेमकं काय? मी यावर बराच विचार केला. नुसती आवड म्हणजे छंद नव्हे, नुसतं कौशल्य म्हणजेही नव्हे. छंदाला तीन गोष्टी लागतात. कुणी हाक मारणार नाही असा थोडा वेळ. पसारा तसाच ठेवून उठता येईल असा एक कोपरा. आणि तिसरी, सगळ्यांत महत्त्वाची, बिघडवण्याची मुभा. माझं स्टूल डुगडुगलं तर घरात हसू होतं, शेजारी येऊन बसून पाहतात, नातवंडं त्यावर झोके घेतात. तिची भाजी खारट झाली तर ताटावर शांतता पसरते. जे बिघडलेलं चालत नाही, ते कितीही प्रेमाने केलं तरी काम असतं. आपल्या घरांत या तिन्ही गोष्टी पुरुषाला मागितल्याशिवाय मिळतात आणि बाईला मागूनही मिळत नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे.

कमलाबाई ओगले यांचं उदाहरण घ्या. जन्म १९१३ चा. ‘रुचिरा’ प्रसिद्ध झालं १९७० साली, म्हणजे त्यांच्या वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षाच्या आसपास. वाटी-चमच्याच्या मापाने, नवख्या सुनेलाही समजेल अशा भाषेत त्यांनी पाककृती लिहिल्या आणि घराघरांत ते पुस्तक तेलाचे डाग पडेपर्यंत वापरलं गेलं. ती पाककला त्या पुस्तकाच्या आदल्या दिवशीही त्यांच्या हातात होतीच. इतकी वर्षं ती रांधणं होती. छापली तेव्हा कला झाली. आपल्या घरातही एखादी कमलाबाई असेल. तिला लिहायला दोन तास आणि एक टेबल कुणी दिलं नाही म्हणून ती नुसतीच छान स्वयंपाक करणारी बाई राहिली असेल.

दुसरीकडे पुण्याचे दिनकर केळकर. चष्म्याचं दुकान चालवता चालवता त्यांनी गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, पेट्या, स्वयंपाकघरातली भांडी गोळा केली आणि त्यातून आजचं राजा दिनकर केळकर संग्रहालय उभं राहिलं. छंद असावा तर असा. तिथल्या काचेपलीकडच्या वस्तू मी जेव्हा पाहिल्या, तेव्हा मनात आलं, या अडकित्त्यांवर, या विळ्यांवर, या शेवयाच्या साच्यांवर किती बायकांचे हात झिजले असतील! केळकरांनी निदान त्या हातांच्या वस्तू जपल्या. आपण आपल्या घरातले हात जपले तरी पुष्कळ.

म्हणून चौथ्या गिऱ्हाइकाला माझ्या काही सूचना आहेत. लाकडाचा छंद जरूर धरा, पण सुरुवात टीपॉयपासून करू नका. घरात कुठेच जागा नसते आणि टीपॉय मात्र सगळ्यांनाच करायचा असतो. आधी घरात एक फेरी मारा आणि जिचा दिवस त्या घरात जातो तिला विचारा, काय मोडलं आहे? दरवर्षी जुलैत अडकणारं न्हाणीघराचं दार, वाकलेली मांडणीची फळी, देवघराची निसटलेली बिजागरी, पाटाचा हलणारा पाय. ही यादी तिला तोंडपाठ असते. विचारायला कुणी येत नाही, एवढंच. या दुरुस्त्यांत तुमचा हात बसेल आणि टीपॉय करायची वेळ येईपर्यंत टीपॉयची गरज नाही हेही कळेल. महागडी यंत्रं घेऊ नका. एक चांगली करवत, एक रंधा, दोन पटाश्या, गुण्या आणि हातोडी एवढ्यावर दोन-तीन वर्षं सहज निघतात. घासताना नाकातोंडावर फडकं किंवा मास्क बांधा, सागाचा भुस्सा छातीला चांगला नाही. आणि काम संपल्यावर भुस्सा तुम्हीच झाडा. त्याशिवाय तो छंद पुरा झाला असं मी तरी धरणार नाही.

आमच्या घरची गोष्ट सांगतो. माझ्या बावन्नाव्या वर्षी दुरुस्त्यांची यादी संपली. तेव्हा मी आमच्या सौभाग्यवतींना विचारलं, ‘आता तुझ्यासाठी काय करू?’ शिलाईचं टेबल म्हणेल, पुस्तकांचं कपाट म्हणेल, असं वाटलं होतं. ती म्हणाली, ‘अहो, मला काही करायचंच नाही. दुपारी तीन ते पाच मला कुणी हाक मारू नका, बस.’ तीस वर्षांच्या संसारात तिने स्वतःसाठी मागितलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट. पण हाक न मारणं लाकडात कसं करणार? शेवटी ओळखीच्या मिस्त्रीला सोबत घेऊन एक बंगई केली. पुण्या-मुंबईकडच्या वाचकांसाठी सांगतो, झोपाळ्याला आम्ही बंगई म्हणतो. पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दीड इंच जाड. म्हणजे सव्वा घनफूट साग, वजन वीस-बावीस किलो. पॉलिश मी केलं, सांधे मिस्त्रीने पाहिले, छताचा हुक मात्र मी बांधकामवाल्याकडून तपासून घेतला. मागच्या खोलीत ती टांगली.

तेव्हापासून तीन ते पाच दारावरची घंटा माझी, फोन माझा, दूधवाला माझा, ‘काकू आहेत का?’ म्हणून येणारी गल्लीतली मुलं माझी. चहा मीच करतो. सुरुवातीला ती बंगईवर बसून कान बाहेर देऊन असायची. घंटा वाजली की पाय जमिनीला टेकायचे. ती सवय सुटायला चार-पाच महिने लागले. आता ती कधी वाचते, कधी शब्दकोडं सोडवते, कधी नुसती बसते. काय करतेस असं मी विचारत नाही. विचारलं की ती पुन्हा कुणाला तरी हिशेब देऊ लागेल, आणि हिशेब देणं हा तर तिच्या छंदाचा भाग नाही!

वाचकहो, पन्नाशीनंतर नवराबायकोला पुन्हा एकमेकांसोबत राहायचं असतं, मधली वीस-पंचवीस वर्षं मुलांच्या शाळा, परीक्षा आणि लग्नं यांनी भरलेली असतात. घरात दोघंच उरतात तेव्हा एकाचा छंद आणि दुसऱ्याचं काम अशी वाटणी राहिली, तर एकाच छपराखाली दोन वेगवेगळी आयुष्यं सुरू होतात. एकाचं निवृत्त, दुसऱ्याचं कायम सेवेत. सेवानिवृत्तीचं वय सरकारने ठरवलेलं आहे. गृहिणीच्या निवृत्तीचं वय ठरवायला कुठलंही खातं येणार नाही. ते आपल्यालाच, तेही रोज दोन-दोन तासांनी, ठरवावं लागेल.

आज रविवार आहे. ही पुरवणी बहुतेक घरांत चहासोबत आधी त्याच्या हातात येते आणि ओटा आवरून झाल्यावर तिच्या. आज क्रम उलटा करून पाहा. पुरवणी तिला द्या, ओट्याकडे तुम्ही वळा, आणि जेवणं झाली की विचारा, तुला दोन तास कुठले हवेत? उत्तर लगेच मिळणार नाही, कारण इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारलेलाच नसतो. थांबा थोडं. लाकूड काय, उद्याही मिळेल.